झेपत नव्हते, तर पाळला कशाला?

माझा पहिला बोका गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझे डोळे कशाने सुजले आहेत, अशी चौकशी केली. घडले ते मी थोडक्यात सांगितले, आणि उपचार चालू ठेवण्याइतके पैसे हाताशी नव्हते, हेही लपवले नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण झेपत नव्हते, तर पाळला कशाला?" त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, हिशेबी माणसाला पडावा तसा तो सरळ प्रश्न होता. मला त्याचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही. या गोष्टीला अकरा वर्षे झाली, तरी अजूनही ते एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

ढब्बूला मी काही ठरवून आणले नव्हते. एका संध्याकाळी जिन्याखालच्या जुन्या खोक्यांतून बारीक आवाज येत होता म्हणून वाकून पाहिले, तर आत मुठीएवढे पिल्लू होते. त्याचा एक डोळा चिकटलेला होता आणि शेपटीला कसले तरी काळे वंगण लागले होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून मी तो डोळा पुसला आणि उद्या त्याला कोणाला तरी देऊन टाकायचे, असे स्वतःला बजावले. तो उद्याचा दिवस पुढे चार वर्षे उजाडलाच नाही. माझी नोकरी तेव्हा कंत्राटी होती. पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कसाबसा पुरायचा आणि पुढचे दहा दिवस हात आखडून काढावे लागायचे. 'परवडत नसेल तर पाळू नये' असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कोणी तरी दुकानात जाऊन, काचेआडचे पिल्लू पसंत करून, पाकीट उघडते आहे, असे चित्र असते. तंगीच्या घरांत प्राणी असे क्वचितच येतात. शेजाऱ्यांनी घर बदलताना मागे सोडलेले कुत्रे, ओळखीच्या मांजरीची नको झालेली पिल्ले, रस्त्यात गाडीखाली पाय सापडलेले एखादे जनावर, अशा वाटांनी ती येतात. 'घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे' ही म्हण ज्याने रचली, त्याला हे नेमके ठाऊक असावे: ओढग्रस्तीच्या घरात जनावर आणले जात नाही, ते येऊन थडकते. आलेले घोडे परत कोठे धाडायचे, हे मात्र म्हण सांगत नाही.

खर्चाचा विषय निघाला की लोक प्रथम खाण्याचा हिशेब मांडतात. तो हिशेब सोपा आहे, आणि म्हणूनच काहीसा फसवा आहे. शरीराच्या वजनाच्या मानाने ऊर्जेची गरज कशी वाढते, याचा नियम मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडला आणि पशुवैद्य आजही त्याचा आधार घेतात. प्राण्याच्या किलोतील वजनाचा पाऊण घात काढून त्याला ७० ने गुणले, की स्वस्थ पडून राहण्यासाठी रोज लागणाऱ्या किलोकॅलरी मिळतात. नसबंदी झालेल्या, घरात हिंडत्याफिरत्या प्रौढ कुत्र्यासाठी हा आकडा साधारण १.६ पट आणि मांजरासाठी १.२ पट धरतात. या हिशेबाने ४ किलोच्या मांजराला रोज सुमारे २४० किलोकॅलरी लागतात, १० किलोच्या कुत्र्याला ६३०, आणि २५ किलोच्या कुत्र्याला १२५०. म्हणजे वजन अडीचपट झाले, की खुराक साधारण दुप्पट होतो. ६० किलोच्या दांडग्या कुत्र्याला मात्र २४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे घरात एक प्रौढ माणूस वाढल्यासारखेच झाले. कमी मिळकतीच्या माणसाने प्राणी निवडण्याची संधी मिळालीच, तर त्याची जात आणि रंग पाहण्याआधी त्याचे वजन पाहावे, असे मी म्हणते ते याच कारणाने. फरक केवळ खाण्याचा नसतो. जंतनाशक, प्रतिजैविक, भुलीचे औषध, सगळे किलोवर मोजून दिले जाते.

तरीही खाण्याचा खर्च हा गरिबाला ओळखीचा खर्च असतो. तो रोजचा आणि थोडाथोडा असतो, आणि आपल्या ताटातले दोन घास कमी करून तो भागवण्याची विद्या आपल्याला आधीच अवगत असते. ढब्बूच्या पायी मी चार वर्षांत कधी उपाशी झोपले नाही, तोही नाही. मला आडवा आला तो दुसऱ्या जातीचा खर्च. तो महिन्याकाठी येत नाही, एका रात्रीत येतो.

ढब्बू चार वर्षांचा असताना एका शनिवारी तो वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसू लागला. बसायचा, पाठीची कमान करायचा, शेपूट थरथरायची, आणि काहीच न होता बाहेर येऊन मागचा भाग चाटत राहायचा. बद्धकोष्ठ झाले असेल, असे मी मनाशी म्हटले. खरे तर सकाळी मी ट्रे उकरला, तेव्हा वाळू अगदी कोरडी होती. रोज दोन-तीन ओले गोळे निघायचे, त्या दिवशी एकही निघाला नव्हता, आणि हे मला दिसले होते. पण तारीख तेवीस होती. उद्यापर्यंत आपोआप बरा होईल, ही आशा मी उराशी धरली, कारण ती फुकट होती. रविवारी दुपारी त्याने खाणे सोडले, संध्याकाळी उलटी केली आणि रात्री पलंगाखालून बाहेर काढायला गेले, तेव्हा पोटाखाली हात लागताच तो असा ओरडला, की मी त्याला टोपलीत घालून तशीच निघाले.

डॉक्टरांनी दोन बोटांनी त्याचे पोट चाचपले. मूत्राशय चेंडूसारखे टणक झाले होते. "लघवी कधीपासून झालेली नाही?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी "आज सकाळपासून" असे सांगितले. ते खोटे होते. पूर्ण दीड दिवस झाला होता, आणि तो दीड दिवस का गेला, हे सांगण्याची मला लाज वाटली. बोक्याचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट द्रवाचे बूच अडकले, की लघवी साचते, मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदयाचे ठोके मंदावून प्राणी दगावतो. म्हणजे मी जे लपवले, तेच डॉक्टरांना कळणे सर्वांत आवश्यक होते. त्यांनी त्याला भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातली, सलाईन लावले, आणि तीन दिवस दाखल ठेवावे लागेल, असे सांगितले. बाहेरच्या टेबलावर अनामत रक्कम भरायची होती. मी जिन्यात उभी राहून ताईला फोन केला. स्वतःच्या दाताच्या उपचारासाठी बाजूला ठेवलेले पैसे तिने त्याच रात्री पाठवले आणि तीन महिने एका बाजूने जेवत राहिली. हे तिने मला नंतर कधी ऐकवले नाही; मीच ते पाहत होते.

बोका वाचला. चौथ्या दिवशी, एका पुढच्या पायाचे केस कापलेले, अशा अवतारात तो घरी आला. हे दुखणे उलटते आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांतच उलटते, असे डॉक्टरांनी बजावले होते. ओले खाणे द्यावे, पाणी जास्तीत जास्त प्यायला लावावे, घरात धावपळ-आवाज कमी ठेवावा, असे त्यांचे सांगणे होते. मी खोलीच्या तीन कोपऱ्यांत तीन वाट्या ठेवल्या. अडीच महिन्यांनी ट्रे पुन्हा कोरडा निघाला. या वेळी मी तासाभरात दवाखान्यात पोहोचले, पण ताईचे पैसे अजून फिटले नव्हते. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: पुन्हा दाखल करून नळी घालायची आणि पुढे मूत्रमार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया करायची, किंवा त्याला शांतपणे जाऊ द्यायचे. मी अर्धा तास बाकावर बसले होते. त्या अर्ध्या तासात "माझ्याकडे इतकेच पैसे आहेत, एवढ्यात काय करता येईल?" हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. "त्याला पुन्हा तो त्रास नको," असे मी डॉक्टरांना म्हणाले, आणि ते खरे कारण आहे असे दाखवले. इंजेक्शन दिले जात असताना त्याचे डोके माझ्या तळहातात होते. घरी येताना रिकामी टोपली किती हलकी लागते, हे मला सांगता येणार नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात एक संशोधन आले. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी ते २०१० मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यांनी असे १५ बोके निवडले होते, ज्यांचा मूत्रमार्ग तुंबला होता आणि नेहमीचे उपचार परवडत नसल्याने ज्यांना दयामरण देण्याची वेळ आली होती. त्यांना नळी घातली नाही. वेदनाशामक आणि शामक औषधे दिली, सुईने पोटातून मूत्राशय रिकामे केले, आणि अंधाऱ्या, शांत जागी ठेवून वाट पाहिली. १५ पैकी ११ बोके स्वतःहून लघवी करू लागले. ढब्बू त्या ११ मध्ये बसला असता की उरलेल्या ४ मध्ये, हे कोणीच सांगू शकणार नाही. आमच्या डॉक्टरांना तो मार्ग योग्य वाटला असता की नाही, हेही नाही. त्यांना दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही, कारण त्यांच्यासमोर बसलेल्या बाईने पैशाबद्दल अवाक्षरही काढले नव्हते.

असाच दुसरा एक प्रयोग कोलोरॅडो राज्य विद्यापीठात पार्व्हो हा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झालेल्या ४० कुत्र्यांवर झाला आणि २०१७ मध्ये तो छापून आला. सुरुवातीला सगळ्यांनाच शिरेतून सलाईन देऊन सावरले. मग २० जणांना पूर्ण वेळ शिरेतून सलाईन आणि रुग्णालयातील सगळे उपचार दिले. उरलेल्या २० जणांना, रोज घरून दवाखान्यात आणावे तितपतच, म्हणजे कातडीखाली सलाईन, एकदाच द्यायचे दीर्घ परिणामाचे प्रतिजैविक, उलटी थांबवणारे औषध आणि थोडे खाणे, एवढेच दिले. पहिल्या गटातील १८ वाचले आणि दुसऱ्यातील १६. हा फरक नगण्य आहे, असे मी म्हणणार नाही. ज्याचे पिल्लू गेले त्याच्यासाठी तर नाहीच नाही. पण सर्वोत्तम उपचार आणि मृत्यू या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा असते आणि त्या जागेत बरेच प्राणी जगतात, एवढे यावरून निश्चित कळते. त्या जागेत शिरायचे असेल, तर आपल्या खिशात काय आहे ते डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत, मान वर करून सांगावे लागते.

येथे मला त्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे परत यायचे आहे. माझ्या पहिल्या दीड दिवसाचा विलंब, डॉक्टरांना सांगितलेले खोटे, आणि बाकावरचे ते मौन या तिन्हींच्या मुळाशी पैशाची चणचण होती हे खरेच. पण चणचण तर ताईने एका फोनवर भागवली होती. ज्याने घात केला, तो होता संकोच. 'झेपत नव्हते तर पाळला कशाला' हा प्रश्न कोणी तरी विचारील, या धास्तीने मी तो स्वतःला आधीच विचारून बसले होते, आणि स्वतःला अपराधी ठरवून मोकळी झाले होते. अपराधी माणूस दवाखान्याच्या पायऱ्या उशिरा चढतो. ज्यांना प्राण्यांची खरी कळकळ आहे, त्यांनी या प्रश्नाचा हा परिणाम ध्यानात घ्यावा, अशी माझी विनंती आहे: प्राणी घरात आल्यानंतर विचारलेला हा प्रश्न त्या प्राण्याचे काहीच भले करत नाही.

प्रश्न तसा नवाही नाही. १७९६ मध्ये ब्रिटिश संसदेत कुत्र्यांवर कर बसवण्याची चर्चा झाली. धान्याची टंचाई होती, आणि कुत्री खातात ते अन्न माणसांच्या तोंडचे आहे, हा कराच्या बाजूचा एक युक्तिवाद होता. या कराचा पाठपुरावा करणारे जॉन डेंट यांना लोकांनी 'डॉग डेंट' असे टोपणनावच देऊन टाकले. विल्यम विंडहॅम यांनी विरोधाची बाजू लावून धरली. अखेर कर बसला, पण करांतून सूट असलेल्या गरीब घरांतील एका साध्या कुत्र्याला तो लागू झाला नाही. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या श्रीमंत खासदारांना जे पटले, ते आज आपल्याला पटू नये, याची मला गंमत वाटते. पुढे १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका तळघरात आजारी प्राण्यांसाठी मोफत दवाखाना उघडला. प्राणी आणा, उपचारांना पैसे पडणार नाहीत, अशा अर्थाची पाटी त्यांनी दारावर लावली होती. गर्दी इतकी होऊ लागली, की लवकरच मोठी जागा शोधावी लागली. तेथे येणाऱ्या माणसांना आपल्या प्राण्यांची पर्वा नव्हती, असे कोणी म्हणू शकेल काय? त्यांना दारात अडवणारे कोणी नव्हते, एवढाच काय तो फरक होता. ती संस्था आजही चालू आहे आणि बेताच्या मिळकतीच्या लोकांच्या प्राण्यांवर उपचार करते.

आणि माणसांचे काय, असेही कोणी विचारील. अमेरिकेत २००५ मध्ये कॅट्रिना वादळ आले, तेव्हा बहुतेक निवाऱ्यांत प्राण्यांना घेत नव्हते. पाणी चढत असतानाही अनेकांनी कुत्र्या-मांजरांना मागे टाकून घर सोडायला नकार दिला. त्यानंतर २००६ मध्ये तेथे कायदा करून आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचाही विचार करणे बंधनकारक करण्यात आले. जीव धोक्यात घालून माणसे जे सोडत नाहीत, त्याला चैन म्हणणे मला जमत नाही. दिवसभरात ज्याच्याशी कोणी दोन शब्द बोलत नाही, अशा एकट्या माणसाच्या घरात दार उघडल्याबरोबर एक जीव धावत येतो, हे त्याच्या मिळकतीच्या हिशेबात कोणत्या रकान्यात लिहायचे, ते मला तरी कळलेले नाही.

इतके सगळे म्हटल्यावर, ज्याला हवे त्याने खुशाल प्राणी पाळावा, असे माझे मत असेल, असा समज कोणी करून घेऊ नये. काही बाबतींत मी त्या सहकाऱ्यांपेक्षाही कठोर आहे. प्राणी अजून घरात यायचा असेल आणि नाही म्हणण्याची संधी असेल, तर लस आणि नसबंदी एवढ्यासाठीचे पैसे जमेपर्यंत नाही म्हणावे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस द्यावी लागते आणि पुढे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. यात चालढकल केली आणि पार्व्होने गाठले, तर जो खर्च उभा राहतो, त्याच्यापुढे सगळ्या लसींचा खर्च किरकोळ ठरतो. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे पिल्लू घराबाहेर पडले नाही तरी चपलांना चिकटून तो आत येऊ शकतो. रेबीजची तर गोष्टच वेगळी. लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून जवळजवळ कोणीच वाचत नाही; जगभरात दरवर्षी अंदाजे ५९,००० माणसे त्याने मरतात, आणि माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. ही लस टाळणे हा केवळ आपल्या कुत्र्याचा प्रश्न राहत नाही, तो शेजारच्या मुलांचाही होतो. नसबंदीचे म्हणाल, तर मांजरी चार महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एका प्राण्याचा खर्च ज्याला जड जातो, त्याच्या घरात वर्ष संपायच्या आत आठ-दहा प्राणी होतात ते असे.

चपट्या नाकाच्या जातींपासून तर कमी पैसेवाल्यानेच काय, कोणीही दूर राहावे, असे मला वाटते. ज्या बुलडॉगच्या माद्यांना बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय विताच येत नाही, आणि ज्यांना जरा उकाडा झाला की धाप लागते, ती जात माणसाच्या हौसेने घडवलेले आजारपणच आहे. पण हा विषय वेगळा आहे आणि त्यावर बोलू लागले, की माझा तोल जातो.

घरगुती औषधे हा तंगीचा आणखी एक सापळा आहे. माणसांच्या औषधांच्या डब्यातील पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. दवाखान्याचा खर्च वाचवायला म्हणून दिलेली ही गोळी सर्वांत महाग पडते. विम्याबद्दल अनेक जण विचारतात. बहुतेक योजनांत आधी आपण पैसे भरायचे आणि मागाहून ते परत मिळवायचे असतात, आणि आधीपासून असलेले दुखणे त्यात धरले जात नाही. तेव्हा ज्याच्या हातात त्या रात्री काहीच नाही, त्याला विम्याचा उपयोग बेताचाच होतो. वेळेचाही विचार करावा. दोन-दोन ठिकाणी राबून बारा तासांनी घरी येणाऱ्याने कुत्र्याचे पिल्लू आणणे हे पैसे असले तरी मला पटत नाही. त्यापेक्षा वयस्कर, शांत मांजर त्या घरात सुखाने राहते. आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याने घरमालकाची परवानगी तोंडी न घेता लेखी घ्यावी. घर सोडावे लागले म्हणून प्राणी सोडावा लागला, असे माझ्या ओळखीतच तीन घरांत झाले आहे.

सध्या माझ्याकडे साळू आहे. वृद्धाश्रमात राहायला गेलेल्या एका आजींची ती मांजर. माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती, नसबंदी झालेली, सगळ्या लसी झालेल्या, आणि माझ्याविषयी फारसे चांगले मत नसलेली. तिला घेण्याआधी मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर दवाखान्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याचा फोन, लसीची तारीख, तिचे वजन, आणि सगळ्यात खाली एक रक्कम लिहिली आहे. एका आजारपणावर मी जास्तीत जास्त इतका खर्च करू शकते, असा तो आकडा. तो दिवसाउजेडी, डोळ्यांत पाणी नसताना, ताईशी बोलून ठरवला आहे, आणि साळूच्या पहिल्याच तपासणीच्या वेळी मी तो नव्या डॉक्टरांना सांगून टाकला. त्यांनी तो तिच्या कार्डावर लिहून घेतला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी एका बोक्याचा जीव घालवला होता.

महिन्यातून एकदा मी साळूला कापडी पिशवीत बसवते आणि पिशवी ताणकाट्याला अडकवते. तिला हा प्रकार अजिबात आवडत नाही. ती कान मागे पाडून माझ्याकडे बघत राहते आणि काटा स्थिर व्हायला वेळ लागतो. या वेळी तो ३ किलो ८०० ग्रॅमवर थांबला. दोन महिन्यांपूर्वी बरोबर ४ किलो होता. ती खाते आहे, पण पाण्याच्या वाटीशी मला ती हल्ली जरा जास्त वेळा दिसते. काल दुपारी मी दवाखान्यात फोन केला आणि मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीला किती पैसे लागतील, हे आधी विचारले. परवा सकाळची वेळ मिळाली आहे. आज तारीख एकवीस.